धुतलेला पापुद्रा

घरत मॅडमना व्हिनेगरचा वास सहन होत नसे. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चायनीज भेळ सुरू झाली आणि टेबलांवर व्हिनेगरच्या बाटल्या आल्या, तेव्हापासून मॅडम आत शिरल्या की पहिलं काम एकच. आपल्या टेबलावरची बाटली उचलायची आणि शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवायची. शेजारी कोण बसलंय हे त्या बघत नसत. एकदा तिथे प्राचार्य बसले होते. "सर, ही तुमची," म्हणून त्यांच्यापुढे बाटली ठेवली आणि मॅडमनी आपल्या जागी येऊन डबा उघडला. डब्यात सुक्या बोंबलाची चटणी. तिचा वास साऱ्या कॅन्टीनभर सुटला, पण त्याबद्दल ब्र काढायची कोणाची टाप नव्हती.

गंमत अशी, की त्यांचं सगळं संशोधन या व्हिनेगरवरच उभं होतं. व्हिनेगर म्हणजे पाण्यात मिसळलेलं ॲसिटिक ॲसिड, हे मला त्यांनीच सांगितलं. मी मराठी शिकवायचो. रसायनशास्त्राची आणि माझी फारकत दहावीलाच झाली होती आणि दोन्ही पक्षांना त्याचं दुःख नव्हतं. पण अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरच्या आमच्या लहानशा कॉलेजात माझं आणि घरत मॅडमचं कपाट शेजारी शेजारी होतं, आणि विज्ञान दिनाच्या तक्त्यांना मराठी लागायचं. त्यामुळे त्यांच्या प्रयोगशाळेत माझी ये-जा सुरू झाली ती मी निवृत्त होईपर्यंत टिकली. त्या मला रसायन समजावत, मी त्यांना शब्द पुरवी. पॉलिमरला 'बहुवारिक' म्हणतात असं मी मोठ्या रुबाबात सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाईक सर, हा शब्द एखाद्या पोराच्या घशात अडकला तर मी काय करू?" त्यांनी तक्त्यावर 'साखळी' लिहिलं. फिल्मला मी 'पटल' सुचवलं, ते त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. "पापुद्रा म्हणा की. भाकरीला असतो तसा." तेव्हापासून आमच्याकडे फिल्मचं नाव पापुद्रा पडलं.

हा पापुद्रा निघायचा कोलंबीच्या टरफलांतून. रेवदंड्याला बायका वाळवायच्या सोड्यांसाठी कोलंबी सोलतात, त्या टरफलांचे ढीग बंदराच्या बाजूला पडलेले असतात. मॅडम सकाळी नागावच्या घरून स्कूटर घेऊन तिथे जायच्या आणि दोन पिशव्या भरून आणायच्या. स्कूटर बिघडली त्या दिवशी त्यांनी रिक्षा केली. चौलच्या नाक्यावर रिक्षावाला थांबला आणि नाक दाबून म्हणाला, "मॅडम, तुमी बसा. पिशव्या उतरवा."

"पिशव्या न्हाय उतरनार," मॅडम म्हणाल्या. "मी उतरते. तू त्या कॉलेजात पोचव." आणि खरोखरच त्या खाली उतरल्या, पिशव्यांना रिक्षाने पाठवलं आणि स्वतः एस.टी.ने आल्या. शिपायाला वाटलं, मॅडम पिशव्या रिक्षात विसरल्या.

वर्गात मॅडम शुद्ध बोलायच्या. पण राग आला, घाई झाली किंवा कोणावर माया आली की त्यांच्या बोलण्यात पेणकडचं मिठागर उतरायचं. आगरी घर, आई-वडील दोघंही मिठावर राबलेले. आईच्या पायांना भेगा आणि भेगांत मीठ, हे बघत त्या मोठ्या झाल्या होत्या. सोलणाऱ्या बायकांच्या बोटांच्या बेचक्यात पडलेल्या चिरा त्यांनी बघितल्या त्या याच डोळ्यांनी. बारा महिने हात पाण्यात, चिरा भरतच नाहीत, चिघळतात. अशा चिरेवर चिकटेल, जंतू मारेल आणि आपोआप विरघळून जाईल असा पापुद्रा करायचा, हे त्यांच्या मनाने घेतलं. टरफलांतला चुना ॲसिडने काढायचा, मांस अल्कलीने काढायचं, मागे राहतं त्यापासून कायटोसान करायचं, ते व्हिनेगरच्या पाण्यात विरघळवून काचेवर ओतायचं आणि वाळू द्यायचं. त्यात खाडीकाठच्या तिवराच्या पानांचा काढा आणि चांदीचे कण. कण इतके बारीक, की चांदी चांदीसारखी दिसतच नाही. पाणी नुसतं चहासारखं तांबूस होतं. ते तांबूस पाणी उजेडात धरून मॅडम बघत तेव्हा त्यांचा चेहरा एवढा खूश असे, की मलाही त्यात काहीतरी कळल्यासारखं वाटायचं.

विद्यार्थ्यांना त्यांचा एकच प्रश्न असे. "आणि कोरा कुठाय?" कोरा म्हणजे ज्यात औषध घातलेलं नाही असा नमुना. औषधाने काम केलं असं म्हणायचं असेल तर शेजारी औषधाविना काय होतं तेही दाखवा. हा हिशेब त्या प्रयोगशाळेबाहेरही लावत. मी एकदा म्हणालो, होमिओपॅथीच्या गोळ्यांनी माझी सर्दी चार दिवसांत गेली. "आणि गोळ्या न घेता किती दिवसांत जाते?" मला माहीत नव्हतं. "मग पुढच्या सर्दीला गोळ्या घेऊ नका आणि मला सांगा," म्हणाल्या. पुढची सर्दी मी चोरून, गोळ्या घेऊनच काढली.

त्यांचा स्वभाव कडक, पण चूक झाली की त्या तिच्यापायी झुरत. चूक दुसऱ्याची असली तरी ती ओढून आपल्या अंगावर घ्यायची त्यांना खोड होती. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या हातावर सिल्व्हर नायट्रेट सांडलं. हे द्रावण पाण्यासारखं दिसतं, पण कातडीवर पडलं की बोटं काळी पडतात आणि ते काळं काही केल्या निघत नाही, कातडी बदलेल तेव्हाच जातं. मुलीचा साखरपुडा त्याच आठवड्यात होता. ती रडायला लागली. हातमोजे घालायला तीच विसरली होती, पण मॅडमचं म्हणणं, मी बघायला हवं होतं. साखरपुड्याला आम्ही गेलो तर मॅडम मुलीच्या शेजारी बसलेल्या, नवी पैठणी, आणि दोन्ही हातांची बोटं डांबरासारखी काळी. मुद्दाम द्रावणात बुडवून आल्या होत्या. मुलाकडच्या बायका विचारू लागल्या तेव्हा म्हणाल्या, "आमच्या शास्त्रात काम करणाऱ्या बायांची बोटं अशीच असतात." मुलीची सासू नंतर किती दिवस सगळ्यांना अभिमानाने सांगत होती म्हणे, की आमच्या सुनेचे हात शास्त्राचे आहेत. आम्ही हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं.

मग त्यांच्याकडे संपदा आली. बोर्ली पंचतनची. वडील तिथल्या बाजारात शिलाई मशीन घेऊन बसत. मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करणारी ती पहिली आणि शेवटची. बोर्लीहून रोज येणं शक्यच नव्हतं. दिघीला येऊन जेट्टी, पलीकडे आगरदांडा, तिथून मुरूड, मुरूडहून इकडे. म्हणून मॅडमनी तिला नागावला आपल्याच घरी ठेवून घेतलं. यजमान लवकर गेलेले, मुलगा पुण्याला. आजूबाजूच्या वाड्यांत एकेक करून होमस्टे झाले होते, शनिवार-रविवारी गाणी लागत, आणि त्या गोंगाटात या दोघी ओसरीवर बसून आलेख काढत. संपदा गप्प मुलगी. पण हाताने फार नीटस. तिने ओतलेल्या पापुद्र्यात बुडबुडा नसे. मॅडम तोंडावर कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हत्या, त्या मला सांगत. "पोरीचा हात बघा सर. माझा पापुद्रा पोळीसारखा होतो, कुठं जाड, कुठं पातळ. तिचा बघा."

आणि यश आलं. काचेच्या ताटलीत जंतूंची साय धरलेली, मध्ये काढा आणि चांदी घातलेला पापुद्रा, आणि त्याच्याभोवती स्वच्छ मोकळं कडं. तेवढ्या भागात जंतू मेलेले. शेजारच्या ताटलीत कोरा पापुद्रा. त्याच्याभोवती काही नाही, जंतू थेट कडेला भिडलेले. मलासुद्धा समजलं, इतकं ते उघड होतं. निबंध बाहेरच्या देशातल्या नियतकालिकात छापून आला, संपदाचं नाव पहिलं. कॉलेजच्या व्हरांड्यात दोघींचा फोटो आणि त्या ताटल्यांचा मोठा फलक लागला. संपदाला पीएच.डी. मिळाली. प्रबंधाचं सगळ्यात वजनदार प्रकरण हेच होतं. ती श्रीवर्धनकडच्या एका कॉलेजात तासांवर शिकवू लागली आणि कायमच्या जागेची वाट बघू लागली.

त्यानंतर काही वर्षांनी कॉलेजात प्रदर्शन होतं. पाहुणे पापुद्रे हातात घेऊन बघणार, म्हणून मॅडम कपाटातून नमुने काढत होत्या आणि त्यांच्या नाकाला तो वास आला. इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. कोरे पापुद्रे वर्षभर कपाटात पडून असायचे आणि त्यांना व्हिनेगरचा वास मारायचा, म्हणून मॅडमचा जुना हुकूम होता, की कोरा पापुद्रा अल्कलीच्या पातळ पाण्यात धुऊनच आत ठेवायचा. औषधी पापुद्रा मात्र धुवायचा नाही, धुतला तर काढा निघून जाईल. त्या दिवशी पाहुण्यांना वास नको म्हणून त्यांनी औषधीही धुतला. रंग तसाच तांबूस राहिला, चांदी कुठे गेली नव्हती. सवयीने त्यांनी त्याचा तुकडा जंतूंच्या ताटलीत ठेवला आणि घरी गेल्या.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला वर बोलावलं. टेबलावर तीन ताटल्या मांडलेल्या.

"सर, तुम्हाला रसायन कळत नाही. म्हणून तुम्हीच सांगा, काय दिसतं?"

पहिलीत धुतलेला औषधी पापुद्रा. भोवती कडं नाही. दुसरीत न धुतलेला औषधी. भोवती कडं. तिसरीत न धुतलेला कोरा पापुद्रा, काढा नाही, चांदी नाही. भोवती तसंच, तेवढंच मोकळं कडं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे जंतू मारले ते व्हिनेगरने," मॅडम म्हणाल्या. "काढ्यानं न्हाय, चांदीनं न्हाय. चांदी आतच अडकून बसलीय, बाहेर येतच न्हाय. आम्ही न धुतलेल्याच्या शेजारी धुतलेला ठेवला आणि त्याला कोरा म्हटलं." त्या खुर्चीत बसल्या. "पोरांना जन्मभर विचारत आले, कोरा कुठाय. माझाच कोरा खोटा होता. आणि का? तर मला वास सोसत नव्हता."

मी त्यांना जे सांगितलं ते कोणीही सांगितलं असतं. आता कशाला उकरून काढता, कोण तपासायला येतंय, असे निबंध जगात ढीगभर पडलेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कुठंतरी दुसरी एखादी संपदा असंल," त्या म्हणाल्या. "ती हे वाचून कामाला लागंल. तिची वर्षं कोण भरून देणार? आणि उद्या कोणी कोळणीच्या चिरेवर हा लावला तर? चिरेवर व्हिनेगर सर, कल्पना करा."

खरी अडचण दोघांनाही दिसत होती आणि दोघंही तिचं नाव काढत नव्हतो. संपदाची कायमच्या जागेची मुलाखत पुढच्याच महिन्यात होती. निबंध मागे घ्यायचा तर तिच्या अर्जातला मोठा आधारच जाणार. न घ्यायचा तर खोटं तसंच छापलेलं राहणार. मॅडम आठवडाभर तिला फोन करू शकल्या नाहीत. फोन हातात घेत, ठेवत. डबा न उघडता परत नेत. व्हरांड्यातल्या फलकासमोरून जायला नको म्हणून मागच्या जिन्याने वर येत. शेवटी त्यांनी नियतकालिकाला पाठवायचा मजकूर आधी लिहून काढला आणि मग फोन केला. ती येणार त्या दिवशी मला म्हणाल्या, "तुम्ही बसा तिथे. मला एकटीला धीर होत न्हाय."

संपदा दुपारी आली. जेट्टीवर गर्दी होती, उभ्यानेच आल्याचं बोलली. मॅडमनी ताटल्या दाखवल्या. तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिसऱ्या ताटलीकडे ती बघत राहिली. मग तिने मजकूर वाचला. त्यात मॅडमनी लिहिलं होतं, की ही चूक सर्वस्वी मार्गदर्शक म्हणून माझी आहे, नमुने धुण्याची सूचना माझी होती, पहिल्या लेखिकेचा यात कोणताही दोष नाही.

"मुलाखतीनंतर पाठवला तर?" संपदाने विचारलं.

"तू म्हणशील तर थांबते," मॅडम म्हणाल्या. हे म्हणताना त्यांनी मान खाली घातली होती.

"असं माझ्यावर टाकू नका, मॅडम. थांबा म्हटलं तर ते माझ्या माथी, पाठवा म्हटलं तरी माझ्याच." तिने कागदावर बोट ठेवलं. "आणि हे काय लिहिलंय? माझा दोष नाय? पापुद्रे मी ओतले. ताटल्या मी मांडल्या. धुतलेला नि न धुतलेला शेजारी शेजारी ठेवले ते माझ्या हातांनी. मला का नाय दिसलं, हे तुम्ही मला विचारायला पाहिजे होतं."

"मी गाईड होते गं. मी सांगितलं तसं तू केलंस."

"म्हणजे चार वर्षं मी काय केलं? भांडी घासली?" संपदाचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "त्या साखरपुड्याला तुम्ही बोटं काळी करून गेलात, सगळे वा वा म्हणाले. दर वेळी तुम्हीच बोटं काळी करून घ्यायची. काम आपल्या दोघींचं नि चूक एकट्या तुमची? मग माझं त्यात होतं काय?"

संपदाने पेन मागितलं, ते शेवटचं वाक्य खोडलं आणि त्याच्यावर लिहिलं, की ही चूक आम्हा दोघींची आहे. सही केली. "आजच पाठवा," म्हणाली. मॅडमनी सकाळी तिच्यासाठी जाळीदार, नाजूक घावनांचा डबा आणला होता. तो तिने घेतला नाही. जेट्टी चुकेल म्हणून निघाली. जिन्यावर तिची पावलं वाजेनाशी झाल्यावरही मॅडम डबा हातात घेऊन उभ्या होत्या.

मुलाखतीत तिला तेच विचारलं. बाई, तुमचा निबंध मागे घेतला गेलाय म्हणे? तिने सरळ काय झालं ते सांगितलं. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, छान, प्रामाणिक आहात. आणि जागा दुसऱ्याला दिली. विद्यापीठाने पदवी काढून घेतली नाही. प्रबंधाला या चुकीबद्दलची नोंद जोडायला सांगितली, एवढंच. पण आपल्याकडे 'त्या प्रकरणातली' म्हणून शिक्का बसला की बसला. ती तासांवरच राहिली.

इकडे उलटंच झालं. सुरुवातीला कॉलेजात कुजबुज झाली, फलक उतरवला गेला, "बाईंना काय नडलं होतं" असं लोक म्हणाले. आणि मग वारं फिरलं. कुठल्या तरी संस्थेने मॅडमना 'संशोधनातील सचोटी' या विषयावर भाषणाला बोलावलं. शाल, श्रीफळ, प्रवासखर्च. प्राचार्य ती बातमी घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मॅडम उठल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मला शाल, न् तिला काय?" प्राचार्यांना काही उमगलं नाही. मॅडम बाहेर निघून गेल्या. मी मागोमाग गेलो तर त्या नळाखाली हात धरून उभ्या होत्या, उगाचच.

"मला काय झालं, सांगा ना सर," त्या म्हणाल्या. "माझी नोकरी संपत आली. माझ्या नावावरचा एक निबंध कमी झाला, बस. पेन्शन येईल, घर हाय, मुलगा हाय. खरेपणा मी केला आणि भोगतेय ती. असला खरेपणा करायला काय लागतं?"

मी म्हणालो, तुम्ही गप्प बसला असतात तर तेही तुम्हाला पचलं नसतं. "न्हायच पचलं असतं," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडून दोषी मीच." पुढे एकदा त्या बोर्लीला जाऊन आल्या. संपदाला भेटायला गेल्या होत्या. एस.टी.तून उतरल्या, बाजारापर्यंत गेल्या, समोर तिच्या वडिलांचं मशीन दिसलं. वडील मान खाली घालून कोणाचा तरी लेहेंगा शिवत होते. मॅडम तिथूनच परतल्या. हे त्यांनी मला अगदी सहज, बाजारातल्या मासळीच्या भावासारखं सांगितलं. त्यांना वाईट वाटतंय ते त्या अशाच सांगत. मी नुसतं "हं" म्हणालो.

त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांनी दोन मिनिटं भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला प्रयोगशाळेत हजर. प्राचार्यांकडून परवानगी घेऊन ठेवली होती. पगार नको, फक्त मागच्या खोलीतलं एक टेबल द्या. संपदाच्या प्रबंधातलं ते प्रकरण त्यांनी पहिल्यापासून पुन्हा करायला घेतलं. या वेळी प्रत्येक पापुद्रा धुतलेला. चांदी बाहेर यावी म्हणून कधी काढा बदलला, कधी कायटोसानची जाडी. खरं काहीतरी निघालं तर ते संपदाच्या नावाने छापायचं, असं त्यांच्या मनात होतं. मी विचारलं, तिला सांगितलंत का? "काय तोंडानं सांगू? आधी निघू दे तरी." पण निघत काही नव्हतं. ताटल्यांमागून ताटल्या, आणि प्रत्येकीत जंतू पापुद्र्याच्या कडेला येऊन भिडलेले. पाय सुजायचे, तरी यायच्या. पापुद्रा त्यांच्या हातचा पोळीसारखाच व्हायचा. तो उजेडात धरून त्या चिडायच्या, पुन्हा ओतायच्या. मला त्यांची कीव यायची आणि राग यायचा. एवढी शिक्षा कोर्टसुद्धा कोणाला देत नाही, असं मी एकदा बोलून गेलो. त्यांनी पुढची ताटली उजेडात धरली.

शेवटी मीच संपदाला फोन केला. मॅडम काय करतायत ते सांगितलं. "बरं, सर" म्हणून तिने फोन ठेवला. येईल असं मला वाटलं नव्हतं. त्यानंतर महिना-दीड महिना गेला. मी निवृत्त झालो, कपाट रिकामं केलं आणि पेणला घरी जायची तयारी केली. मॅडम गेल्याचं मला पुढे तिथेच, त्यांच्या मुलाच्या फोनवरून कळलं. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कॉलेजातल्या माझ्या शेवटच्या आठवड्यात, एका संध्याकाळी.

निरोप घ्यायला वर गेलो होतो. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आत संपदा उभी होती. खांद्याला पिशवी तशीच, नुकतीच आलेली दिसत होती. मॅडम टेबलामागे बसलेल्या, समोर ताटल्यांची रांग. संपदा एकेक ताटली उचलून खिडकीकडे धरत होती, बघून परत ठेवत होती. मी दाराशीच थांबलो. आत जाणं बरं दिसलं नसतं.

शेवटची ताटली खाली ठेवून संपदा म्हणाली, "पापुद्राच समान नाही, मॅडम. जाड कडेला चांदी साचलेय सगळी. यातून काय कळणार?"

"हात थरथरतो आता," मॅडम म्हणाल्या. आणि मग, ताटल्यांकडेच बघत, "संपदा, तू मला माफ केलंस का गं?"

मला वाटलं, ती आता पुढे होईल, मॅडमचे हात हातात घेईल, तसं काहीतरी. संपदा जागची हलली नाही. तिने खांद्यावरची पिशवी काढली, खिळ्याला अडकवली.

"नाय केलं," ती म्हणाली. "पण आता रोज येईन. तिकडचे तास सोडलेत, मुरूडला खोली बघितलेय. उद्यापासून तुम्ही नुसतं द्रावण करा. ओतायचं मी."

मॅडम उठल्या, दोन्ही हातांनी टेबलाचा आधार घेतला, आणि आपलं स्टूल भिंतीकडे सरकवत सरकवत तिथे दुसरं स्टूल मावेल एवढी जागा करू लागल्या.